दुरुस्तीला मुहूर्त नसतो

समजा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गडाच्या पायवाटेवर एक जांभूळ आडवं पडलं. फार मोठं नाही. गावातली दोन पोरं कुऱ्हाड घेऊन गेली तर चहा निवायच्या आत वाट मोकळी होईल. पण थांबा. ते राखीव वनात पडलंय. म्हणजे आता ते झाड राहिलं नाही, सरकारी माल झाला. त्याला परस्पर कुऱ्हाड लावणं हा १९२७च्या वन कायद्याखाली गुन्हा. बीट गार्ड यायला हवा, पंचनामा व्हायला हवा, लांबी-गोलाई लिहून घ्यायला हवी. बीट गार्ड बहुतेकदा भला माणूस असतो. पण त्याच्याकडे एक मोटारसायकल, एक काठी आणि शेकडो हेक्टर जंगल असतं, आणि जूनमध्ये त्याला वृक्षारोपणाचे खड्डे मोजायचे असतात. झाडं लावायचं उद्दिष्ट वरून आलेलं असतं. पडलेलं उचलायचं उद्दिष्ट द्यायला वरचे विसरले.

मग लोक काय करतात? वळसा घालतात. पहिल्या रविवारी दहा जण, चौथ्या रविवारी पाचशे. गवत मरतं, माती उघडी पडते, पाऊस येतो आणि त्या वळशाचा ओढा करतो. दिवाळीत चढणाऱ्याला दोन वाटा दिसतात: एक झाडाखालून, एक ओढ्यातून. तो तिसरी पाडतो.

हे झालं एका झाडाचं. आता अख्ख्या वाटेचं बघू. सह्याद्रीतला कुठलाही गड घ्या आणि 'ही वाट कुणाची' असं विचारत चढा. दम लागणार नाही, कारण दर दोनशे पावलांवर थांबून सातबारा बघावा लागेल. सुरुवात शेतकऱ्याच्या बांधावरून, म्हणजे मालकी जमीन. पुढे गायरान, ते महसूल खात्याचं आणि ग्रामपंचायतीचं, म्हणजे गुरांचं. मग राखीव वन, प्रादेशिक वन विभाग. मधेच अभयारण्याची हद्द लागली तर जंगल तेच, वानरंही तीच, पण साहेब वेगळे; इथून १९७२चा वन्यजीव कायदा. वर दरवाजा दिसला की पुरातत्त्व खातं. तेही कोणतं? केंद्राचं असेल तर १९५८चा कायदा, राज्याचं असेल तर १९६०चा. आत देवीचं देऊळ, ते देवस्थानाचं. मागं टॉवर, तो दूरसंचारवाल्यांचा. पायऱ्या सार्वजनिक बांधकामच्या, पाटी पर्यटनवाल्यांची, निधी जिल्हा नियोजन समितीचा. घाम तेवढा तुमचा.

२०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. पण त्यातले रायगड, लोहगड, शिवनेरी वगैरे केंद्राच्या पुरातत्त्वाकडे, आणि राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे चार राज्याकडे. जगानं एका यादीत घातलं, आपण दोन कपाटांत ठेवलं. आणि दोन्ही कपाटं तटाच्या आतल्यांसाठी. पायथ्यापासून दरवाजापर्यंत तास-दोन तास जी वाट चढावी लागते, ती तिसऱ्याच कपाटात आहे आणि त्याची किल्ली रजेवर आहे. पेढे मात्र तिन्ही कार्यालयांत वाटले गेले असणार.

कुणी म्हणेल, खाती फार झाली म्हणून असं होतं. मला नाही वाटत. शिवकाळात तरी गडावर एकच साहेब कुठे होता? हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस. किल्ल्या एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे, हजेरी-हिशेब तिसऱ्याकडे, कोठार चौथ्याकडे. कुणा एकाला गड परस्पर शत्रूच्या घशात घालता येऊ नये म्हणून अधिकार मुद्दाम वाटलेले. आजही ते वाटलेलेच आहेत. फरक एवढाच की आता कुणा एकाला गड परस्पर दुरुस्त करता येत नाही. शिवाय तेव्हा पायथ्याला घेरा असे, चढावर मेटं असत, आणि त्या वस्तीतल्या लोकांनी वाट राखायची, त्याबदल्यात जमीन कसायची, असा रोखठोक व्यवहार असे. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही नावं महसुली दप्तरात अजून आहेत. जुनं काहीही फेकायचं नाही हा त्या दप्तराचा एकमेव गुण. नाव ठेवलं, काम तेवढं काढून घेतलं.

आता थोडं तांत्रिक बोलू, कारण या विषयात तांत्रिक बोलायला कुणीच तयार नसतं. सगळे एकदम इतिहासावर येतात.

वाट पायांनी झिजते त्याहून कितीतरी जास्त पाण्यानं झिजते. पाय फक्त पाण्याला रस्ता दाखवतात. घाटमाथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पिणाऱ्या जागा आहेत. तिथं वीतभर खोलगट झालेली वाट दोन पावसाळ्यांत गुडघाभर होते, खालचा मुरूम सुटतो, दगड मोकळे होतात. मग लोक कडेनं चालतात आणि ती कड ढासळते. यावरचा उपाय इतका जुना आणि इतका स्वस्त आहे की त्याला कुठलाच सल्लागार मिळत नाही. वाट दरीच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेनं न धावता वाट ओलांडून जातं. जिथं चढ जास्त तिथं थोड्या थोड्या अंतरावर दगडांची तिरपी आड पुरायची, ती पाण्याला कडेला हाकलते. आडीमागे गाळ साचतो, तो पावसाच्या आधी आणि नंतर काढायचा. नाही काढला तर पाणी आडीवरून उडी मारतं आणि पलीकडे खड्डा खणतं. नागमोडी वळणांच्या पोटात काटेरी फांद्या टाकायच्या, नाहीतर शॉर्टकटवाला सरळ खाली घसरतो आणि त्याच्या मागोमाग पाणी. वाटेवर येणारी घाणेरी आणि रानमोडी उपटायची. झालं. यात सिमेंट कुठे आहे? नाही. तिथंच घोडं पेंड खातं.

सिमेंटचं मोजमाप होतं हो! घनमीटर मोजमापाच्या वहीत लिहिता येतात, दरसूचीत दर सापडतो, जिओटॅगचा फोटो निघतो, बिल निघतं. 'आडीमागचा गाळ काढला, सहा घमेली' याचं एस्टिमेट कोण करणार? त्याला तांत्रिक मंजुरी कोण देणार? आणि उद्घाटनाला कापायचं काय? म्हणून मग पायऱ्या येतात. ठेकेदाराला वर सामान न्यायला गाढवं लागतात, ती लावतो. पायरीची उंची ठरवणाऱ्याचा गुडघा मात्र पंचवीस वर्षांचा असतो. दोन पावसाळ्यांत पायरीखालची माती निघून जाते, पायरी हवेत राहते, आणि आजोबा-आजी बाजूच्या मातीतूनच चढतात. मूळ वाट पायरीखाली गाडलेली असते, नवी वाट पायरीशेजारी पडलेली असते, आणि मधली पायरी सेल्फीला उपयोगी पडते. पुढच्या वर्षी 'पायरीमार्गाचे सुशोभीकरण' नावाचं नवं काम निघतं. त्यात रेलिंग येतं. त्याच्या पुढच्या वर्षी पेव्हर ब्लॉक. डोंगरावर पेव्हर ब्लॉक का, असं विचारू नका. आले होते, शिल्लक होते, बसवले.

ज्यांना हे बघवत नाही असे काही जण शनिवारी रात्रीची एसटी पकडून गडावर जातात आणि हातानं काम करतात. अशा दुर्गप्रेमींमुळे कितीतरी गडांवरची टाकी स्वच्छ झाली, दरवाजे मातीतून वर आले. त्यांच्याविषयी वाकडं लिहायला जीव होत नाही. पण लिहायचं तिरकसच आहे, इलाज नाही. सरकारला स्वयंसेवक आवडतो तो पोतं घेतलेला. प्लास्टिक कुठल्याच खात्याच्या मालकीचं नसल्यामुळे ते उचलायला नाहरकत लागत नाही. त्याच माणसाच्या हातात पहार दिसली की तीन खाती दचकतात. पुरातत्त्वाचं दचकणं मला समजतं. घडीव दगड हलवला, चुकीच्या जागी बसवला, तर उत्साहाच्या भरात तीनशे वर्षांचा पुरावा जातो, आणि तसं झालेलंही आहे. पण दरवाजाच्या खाली दीड तासावर, जंगलात, ज्या दगडावर शिवकाळात बकरीही बसली नसेल, त्याला हात लावायलाही तीच भीती आणि तोच अर्ज? राज्याची संरक्षित स्मारकं दत्तक द्यायची योजना आहे. स्मारकाला पालक मिळतो, वाट पोरकीच राहते.

आणि दुर्गप्रेमींचा आपसातला समन्वय? एका रविवारी तीन संस्था एकाच टाक्यातला गाळ काढायला भेटतात आणि शेजारच्या गडावर चिटपाखरू नसतं. वाट सापडावी म्हणून कातळावर रंगाचे बाण काढतात. एकाचा पांढरा, दुसऱ्याचा भगवा, तिसऱ्यानं पिवळा काढून खाली संस्थेचं नाव घातलेलं, बाणापेक्षा मोठं. पहिला बाण सोंडेवर चढवतो, दुसरा नाळेत उतरवतो, तिसऱ्याला बहुतेक फोन नंबर द्यायचा असतो. पूर्वी लोक वाट न सापडल्यामुळे चुकत. आता तीन सापडल्यामुळे चुकतात, आणि शोधायला पुन्हा याच संस्थांची पोरं रात्री टॉर्च घेऊन जातात. झोप मोडून, पदरचं पेट्रोल जाळून.

अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेलचं उदाहरण हल्ली फार दिलं जातं, म्हणून तेही उरकून घेऊ. १९२१ साली बेंटन मॅकाय या गृहस्थांनी कल्पना मांडली, १९३७ला वाट पूर्ण झाली. चौदा राज्यांतून साधारण साडेतीन हजार किलोमीटर. मालक तिथेही एक नाही. राष्ट्रीय उद्यानं, वनखातं, राज्यं, गावं अशी खिचडीच आहे. पण तीसेक क्लबांनी वाट वाटून घेतलीय, प्रत्येकाचा तुकडा ठरलेला, त्या तुकड्यातही अमुक मैल अमुक माणसाचा. १९८४ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं वाटेची देखभाल रीतसर स्वयंसेवकांच्या संस्थेकडे सोपवली. खुणेलाही एकच नियम, झाडांवर पांढरा पट्टा, दोन बाय सहा इंच. संस्थेचं नाव घालायला त्यात जागाच नाही, हे विशेष. ही वाट न्यू जर्सीतूनही जाते. तिथली आपली मंडळी वीकेंडला तीवर चालतात, पट्ट्याचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतात, आणि डिसेंबरात पुण्याला आली की सिंहगडावर पिठलं-भाकरी खात 'इथे सिस्टिमच नाही' म्हणतात. ते खरंच आहे. पण आपण तसे तुकडे पाडायला गेलो तर आधी क्लबांचा महासंघ निघेल, मग महासंघात फूट पडेल, आणि मूळ महासंघ कोणता यावर निकाल येईपर्यंत वाट दरीत गेलेली असेल.

दुरुस्ती जमत नाही म्हटल्यावर प्रशासनानं एक स्वस्त पर्याय शोधून काढलाय. बंदी. पावसाळा आला, गर्दी झाली, कुणी घसरलं, की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो: अमुक गड, तमुक धबधबा, प्रवेश निषिद्ध. कधीकधी ती लागतेही. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर रविवारी जी रांग लागते ती बघून आदेश काढणाऱ्याला दोष देववत नाही. पण बंदीत एक सोय आहे. तिला पहार लागत नाही. एक पाटी लावली की वाटेची जबाबदारी चालणाऱ्यावर जाते. १५ जून २०२५ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली. तो धोकादायक असल्याची पाटी तिथं होती. पाटी लावण्यापुरता समन्वय झालेला होता.

आता कुणी म्हणेल, जाऊ द्या हो, आपल्याकडे चार खाती एकत्र येणं होणारच नाही. साफ खोटं. आषाढी वारी बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखी हलणार म्हणजे हलणार. त्याआधी बांधकाम खातं, महामार्गवाले, जिल्हा परिषद, पोलीस, आरोग्य, वीज मंडळ, सगळे एका टेबलाशी बसतात. खड्डे बुजतात, टँकर लागतात, फिरती शौचालयं येतात, दिवेघाटात रुग्णवाहिका उभी राहते. कुठला वन विभाग कुठल्या महसूल विभागाला 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' म्हणून तीन महिने खेळवत नाही. कारण माउली तारीख पुढे ढकलत नाहीत. समोर लाखो माणसं आहेत आणि त्यांना मार्चअखेरशी काही देणंघेणं नाही. डोंगरावरच्या देवीचंही तेच. जत्रा चार दिवसांवर आली की गावातले लोक विळे-कोयते घेऊन चढतात, गवत काढतात, निसटलेले दगड बसवतात. कुणी नाहरकत मागत नाही, कुणी हरकत घेत नाही. रायगडाची तर चैनच आहे. राज्याभिषेकदिन ६ जूनला तारखेनं होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीनं होतो, म्हणजे साफसफाई दोनदा. तारीख की तिथी हा वाद मिटू नये असं त्या चढाला मनापासून वाटत असेल.

थोडक्यात, ज्या वाटेला तारीख आहे ती नीट होते. ज्या वाटेला नुसते चालणारे आहेत ती पडून राहते. नव्या कामाला भूमिपूजन असतं, उद्घाटन असतं, कोनशिला असते. दुरुस्तीला ना नारळ, ना फीत. गाळ काढल्याची कोनशिला कुणी पाहिलीय?

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक वाटेला उरूस द्या. वर्षातून दोनदा. पहिला, मृग लागायच्या आधीच्या रविवारी. दुसरा, दसऱ्यानंतरच्या रविवारी. खंडेनवमीला कुदळ, पहार, कोयता यांची पूजा होतेच. हळद-कुंकू वाळायच्या आत त्यांना कामाला लावावं. वन विभागानं त्या दोन दिवसांसाठी कायमची एकच परवानगी लिहून ठेवावी, जिच्यात काय करायचं हे दोन ओळींत असेल: पडलेल्या फांद्या, आडी, गाळ, रानमोडी. आणि काय नाही हेही: उभं झाड नाही, घडीव दगड नाही, तटापासून ठरावीक अंतराच्या आत पुरातत्त्वाचा माणूस हजर असल्याशिवाय काहीच नाही. रंगाचा डबा पायथ्याला जमा. उरुसाचा अध्यक्ष बीट गार्ड. तो एकटाच या सगळ्यांत ती वाट नियमित चालतो, आणि त्याला आजवर कुठल्याच समितीत खुर्ची मिळालेली नाही, चहा आणायला पाठवलं असेल तेवढंच.

हजेरीचं रजिस्टर मंत्रालयात नको, तालुक्यालाही नको. ते पायथ्याच्या चहाच्या टपरीवर ठेवावं. कुठला टप्पा कुणाकडे, कुठली आड फुटली, कुणी बसवली, कुणी येतो म्हणून आला नाही, सगळं त्यात. सह्याद्रीतल्या कुठल्याही सरकारी कार्यालयापेक्षा टपरी जास्त वेळ उघडी असते, आणि तिथल्या मावशींना कोण खोटं बोलतंय ते कळतं.

मंत्र्यांना बोलावू नये. द्वेष म्हणून नाही. ते आले की मंडप येतो, मंडपाला सपाट जागा लागते, सपाट जागेला जेसीबी येतो, आणि जेसीबी एकदा डोंगरावर चढला की रिकामा उतरत नाही. फार आग्रह असेल तर साहेबांनी एक घमेलं उचलून वर यावं. अंगरक्षकांनाही एकेक द्यावं, हात मोकळेच असतात.

राहता राहिला पैसा. नाणेघाटातला दगडी रांजण अजून दाखवतात. दोन हजार वर्षांपूर्वी त्यात जकातीची नाणी पडत असं सांगतात. ती जकात देऊन वर आलेल्या व्यापाऱ्याला निदान फरसबंद वाट तरी मिळत होती. तिचे तुकडे अजून पायाखाली लागतात. आज पायथ्याला वाहनाची पावती वन समिती फाडते, पार्किंगची ग्रामपंचायत फाडते, कुठे वर गेल्यावर तिकीट असतं. रांजण वाढले, फरसबंदी गेली. तेव्हा नवा निधी, नवं लेखाशीर्ष, नवं प्राधिकरण काहीही नको. पार्किंगच्या पावतीतले दोन रुपये उरुसाचे, आणि ते कुठल्या आडीवर गेले ते टपरीवरच्या फळ्यावर खडूनं. पहिल्या वर्षी पाच कुदळी, दहा घमेली, दोन पहारी आणि पोरांच्या जेवणाचा पिठलं-भाकरीचा खर्च, एवढ्यात अख्खी एक सोंड नीट होते. पहारी मात्र गावच्या लोहाराकडून घ्या. टेंडरमधल्या वाकतात.